अस्पष्ट शब्द आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य : कलम ६६-अ च्या भाषेची चिकित्सा

१

कायद्याला शब्दावाचून दुसरे शरीर नसते. अटक पोलीस करतात, निकाल न्यायाधीश देतात, तुरुंग राज्यसंस्था बांधते. परंतु अमुक कृत्य गुन्हा आहे आणि तमुक नाही, ही सीमारेषा शेवटी काही शब्दांनीच आखलेली असते. म्हणूनच कायद्याच्या संहितेचे परीक्षण हा केवळ विधिज्ञांचा प्रांत मानण्याचे कारण नाही. जेथे शब्दाचा अर्थ ठरविण्यावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते, तेथे अर्थविचार हे ज्याचे शास्त्र आहे त्या भाषाभ्यासकालाही काही म्हणावयाचे असते.

आंतरजालावरील स्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. एक यंत्राचे अंग, दुसरे राजकारणाचे. यंत्राची शक्ती किती वाढली आणि सत्तेने तिचा उपयोग वा दुरुपयोग कसा केला, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. तथापि ज्या शब्दांच्या आधाराने हा दुरुपयोग शक्य होतो, त्या शब्दांकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने घालण्यात आलेले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आलेले कलम ६६-अ हे या दृष्टीने एक अभ्यसनीय उदाहरण होय. सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल विरुद्ध भारतीय संघराज्य या खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. निकाल लागला म्हणजे प्रश्न मिटला, असा एक समज आहे. तो समज कितपत खरा, हे पाहण्यासाठी त्या कलमाच्या भाषेपासूनच आरंभ करणे इष्ट ठरेल.

२

कलम ६६-अ चे तीन भाग होते. संगणकाद्वारे वा संदेशवहनाच्या साधनाद्वारे 'अतिशय आक्षेपार्ह' किंवा 'धमकावणीच्या स्वरूपाची' माहिती पाठविणे, हा पहिला. खोटी आहे हे ठाऊक असलेली माहिती काही विशिष्ट हेतूंनी पाठविणे, हा दुसरा. त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून, अथवा संदेशाच्या उगमाविषयी फसवणूक व्हावी म्हणून विद्युत-पत्र पाठविणे, हा तिसरा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड.

दुसऱ्या भागातील हेतूंची यादी मुळातून पाहण्यासारखी आहे. तीत त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, फौजदारीपात्र धाकदपटशा, वैर, द्वेष आणि दुर्भावना अशी दहा पदे एका ओळीत बसविली होती. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या ज्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत साहचर्य ही एक आहे. शब्द कोणाच्या संगतीत बसला आहे, यावरून त्याचा अर्थ आकळतो. इंग्रजी न्यायशास्त्रातही याच आशयाचा एक नियम रूढ आहे. परंतु येथे संगतच विजोड. 'फौजदारीपात्र धाकदपटशा' ही भारतीय दंडसंहितेत व्याख्या लाभलेली, नेमके घटक असलेली संज्ञा होती. 'गैरसोय' हा दारात गाडी उभी केली तरी वापरला जाणारा घरगुती शब्द. त्यांना एका पंक्तीस बसविल्यामुळे धाकदपटशाच्या गांभीर्याने गैरसोयीचा अर्थ आकुंचित होत नाही. उलट गैरसोयीलाच धाकदपटशाची शिक्षा लागू होते. जेथे साहचर्याने अर्थ बांधला जावयाचा, तेथे तो सैल झाला.

ही पदे आली कोठून? ब्रिटनमधील १९३५ च्या टपाल-खात्यासंबंधीच्या दुरुस्ती-कायद्यात 'अतिशय आक्षेपार्ह' आणि 'धमकावणीच्या स्वरूपाचा' हे शब्द टेलिफोनवरून पाठविलेल्या संदेशाला उद्देशून प्रथम आले. 'त्रास' आणि 'गैरसोय' हे शब्दही त्याच तरतुदीतले. पुढे १९५३, १९६९, १९८४ आणि २००३ च्या ब्रिटिश कायद्यांतून ते वारसाहक्काने चालत राहिले, आणि तेथून आपल्या २००८ च्या दुरुस्तीत उतरले. शब्द तेच, परंतु त्यांचा विषय बदललेला. टेलिफोनवरील संदेशाला एक वक्ता आणि एक श्रोता असतो. वक्ता त्या श्रोत्याला निवडतो, आणि घंटी वाजल्यावर श्रोत्याला ते ऐकण्यावाचून फारसा पर्याय राहत नाही. अशा प्रसंगी 'त्रास देण्याच्या हेतूने' या पदाला काही निश्चित अर्थ असू शकतो. आंतरजालावर प्रसिद्ध केलेल्या मजकुराला मात्र असा नेमलेला श्रोता नसतो. तो कोणीही वाचतो, कोणीही वाचीत नाही. आणि वाचणाऱ्या हजारांपैकी कोणाला ना कोणाला त्याचा त्रास होणारच. दोघांच्या संभाषणासाठी घडविलेली भाषा लोकांच्या जाहीर चर्चेवर लादण्यात आली, हा कलम ६६-अ चा मूळ दोष होय.

३

याहून खोल असा एक व्याकरणिक दोष आहे, आणि तो मराठीच्या आधाराने अधिक स्पष्ट करता येतो. मराठीत 'मला राग आला', 'त्याला चीड आली', 'तिला वाईट वाटले' अशी वाक्ये होतात. या रचनांत ज्याला अनुभव येतो तो चतुर्थीत असतो, आणि राग, चीड ही पदे कर्त्याच्या स्थानी बसतात. राग 'येतो', तो कोणी आणून देत नाही. 'भावना दुखावल्या' या आज सार्वत्रिक झालेल्या वाक्प्रयोगातही दुखावणारा वाक्यात असावाच लागत नाही. अनुभव हा अनुभवणाऱ्याच्या ठायी घडतो, आणि त्याचा कर्ता सांगणे वाक्यरचनेला आवश्यक नाही, हे आपल्या भाषेने आपल्या परीने ओळखले आहे.

दंडविधानाला याच्या नेमके उलट करावे लागते. त्याला कर्ता हवा असतो, कारण शिक्षा कर्त्यालाच द्यावयाची. म्हणून चोरी, मारहाण, बनावट दस्तऐवज करणे हे गुन्हे कर्त्याच्या कृतीने वर्णिलेले असतात. कलम ६६-अ ने श्रोत्याच्या ठायी घडणाऱ्या अनुभवाला वक्त्याची कृती मानले. जे. एल. ऑस्टिन याने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या, आणि १९६२ साली त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत बोलण्याचे तीन स्तर वेगळे केले : बोलणे ही क्रिया, बोलण्यात घडणारी क्रिया आणि बोलण्यामुळे घडणारा परिणाम. 'तुला बघून घेईन' असे म्हणण्यात धमकी देण्याची क्रिया घडते. ऐकणारा घाबरला नाही तरी धमकी ही धमकीच राहते. त्रास होणे मात्र निव्वळ परिणाम आहे. एखादे विधान 'त्रासदायक' आहे की नाही, हे ते कोणाच्या कानी पडते यावर ठरते. हेतूची अट होती हे खरे. पण हेतू हा परिणामावरून अनुमानाने काढावयाचा असल्यामुळे, आधी कोणाला तरी त्रास झाला आणि म्हणून तो देण्याचा हेतू होता, असा उलटा तर्क पोलीस ठाण्यात सहज चालू शकत होता. आणि पहिल्या भागाला तर हेतूचीही अट नव्हती.

४

हा तर्क प्रत्यक्षात कसा चालला, हे २०१२ या एका वर्षाने दाखविले. एप्रिलमध्ये कोलकात्यातील एका विद्यापीठाच्या प्राध्यापकांना राज्याच्या मुख्यमंत्र्यांविषयीचे एक व्यंगचित्र पुढे पाठविल्याबद्दल अटक झाली. सप्टेंबरात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली. त्यांच्यावर राजद्रोहाच्या आरोपाबरोबर हे कलमही लावलेले होते. आणि नोव्हेंबरात, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळण्यात आलेल्या बंदाविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, दुसरीने त्या मजकुरास पसंती दर्शविली, आणि दोघींनाही अटक झाली. एकीच्या नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळीच. पुढे हे प्रकरण बंद झाले, आणि संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली.

पालघरच्या प्रसंगात भाषाभ्यासकाने थांबून पाहावे अशी एक गोष्ट आहे. दुसऱ्या तरुणीने एका चिन्हावर बोट ठेवले होते. पसंतीचे ते चिन्ह म्हणजे अनुमोदन, पोच, की केवळ मैत्रीचा हुंकार? मराठी माणूस संभाषणात 'हं' म्हणतो तेव्हा तो सहमत असतोच असे नाही. पुष्कळदा तो ऐकत असल्याचे सांगत असतो. ज्या उच्चाराचा अर्थ इतका प्रसंगाधीन आहे, त्याला कलमाच्या दृष्टीने 'माहिती पाठविणे' या सदरात घालता आले, हे त्या कलमाच्या शब्दांच्या विस्ताराचे गमक म्हणावे लागेल.

याच घटनांच्या पार्श्वभूमीवर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या पीठाने दिलेल्या निर्णयात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन स्तर वेगळे करण्यात आले, आणि तिसऱ्या स्तरावर पोचल्याखेरीज अभिव्यक्तीवर निर्बंध येऊ शकत नाही, असे सांगण्यात आले. शब्दांच्या संदिग्धतेबाबत न्यायालयाने दिलेला पुरावा मार्मिक आहे. ब्रिटनमध्ये एका इसमाने आपल्या खासदाराच्या कार्यालयात दूरध्वनीवरून वांशिक हेटाळणीचे शब्द वारंवार वापरले. ते 'अतिशय आक्षेपार्ह' नाहीत असे खालच्या दोन न्यायालयांनी ठरविले. २००६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ते तसे आहेत असे ठरविले. वस्तुस्थिती एक, शब्द एक, आणि कायद्यात मुरलेल्या बुद्धिमंतांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध. मग सामान्य नागरिकाने लिहिण्यापूर्वी काय ठरवावे? शासनाच्या वतीने, कलमाचा वापर विवेकानेच होईल, असे आश्वासन देण्यात आले होते. न्यायालयाने ते मानले नाही. शासने येतात आणि जातात, संहिता राहते, असा त्या उत्तराचा आशय होता.

५

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. भाषा ही स्वभावतःच अनिश्चित आहे. मग प्रत्येक कायदाच अस्पष्ट ठरेल. एच. एल. ए. हार्ट याने १९६१ साली कायद्याच्या भाषेचे 'खुले पोत' दाखवून दिले. उद्यानात वाहन आणू नये, या नियमातील 'वाहन' शब्दात मोटार निश्चितपणे येते. खेळण्यातली गाडी येते काय? घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडातील 'सार्वजनिक सुव्यवस्था', 'सभ्यता', 'नीतिमत्ता' ही पदेही काही कमी व्यापक नाहीत. शिवाय आंतरजालावरून, विशेषतः स्त्रियांना, पाठलाग, धमक्या आणि बीभत्स छळ सोसावा लागतो. त्यांना संरक्षण देणारा कायदा नको, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही.

या आक्षेपाचे उत्तर व्यापकता आणि अनिर्धार्यता यांच्या भेदात आहे. हार्टच्या 'वाहना'ला सीमेवर धूसरता असली तरी त्याला एक निश्चित गाभा आहे. मोटार वाहन आहे याविषयी कोणाचाही मतभेद नाही. 'त्रास' या शब्दाला असा गाभाच नाही. त्याची कक्षा श्रोत्याच्या स्वभावागणिक नव्याने आखावी लागते. 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे पद व्यापक खरे, परंतु न्यायालयीन वापराने त्याला आकार आला आहे. राममनोहर लोहिया यांच्या १९६० सालच्या खटल्यात निर्बंध आणि सुव्यवस्था यांच्यात निकटचा संबंध असला पाहिजे, असे ठरले. १९६५ सालच्या त्यांच्याच दुसऱ्या खटल्यात न्या. हिदायतुल्ला यांनी कायदा व सुव्यवस्था, सार्वजनिक सुव्यवस्था आणि राज्याची सुरक्षितता ही एकात एक असलेली तीन वर्तुळे कल्पून त्या पदाची जागा दाखविली. दंडसंहितेतही 'त्रास' हा शब्द सार्वजनिक उपद्रवाच्या व्याख्येत होता; परंतु तेथे तो अनेक घटकांपैकी एक होता, आणि त्रास सामान्य जनतेला झालेला असावा लागे. राहता राहिला छळाचा प्रश्न. पाठलाग, धमकी, खासगी चित्रांचा प्रसार ही कर्त्याच्या कृतीने वर्णन करता येण्याजोगी कृत्ये आहेत, आणि कायद्याने ती तशी वर्णिलीही आहेत. पीडितेला नेमका शब्दच उपयोगी पडतो. अस्पष्ट शब्द ज्याच्यापाशी बळ आहे त्याच्या हाती जातो. २०१२ च्या तिन्ही घटना याची साक्ष देतात.

६

इतके मान्य करूनही या निकालाचे मूल्यमापन स्तुतीवर संपविणे योग्य होणार नाही. त्याच निकालाने कलम ६९-अ आणि त्याखालील २००९ चे नियम वैध ठरविले. या तरतुदीने शासनाला आंतरजालावरील मजकूर लोकांपर्यंत पोचू न देण्याचा आदेश देता येतो. आदेशाची कारणे लेखी नमूद करावी लागतात, हे न्यायालयाने त्या तरतुदीच्या बाजूने धरले. परंतु त्याच नियमांतील सोळावा नियम तक्रारी आणि त्यांवरील कारवाई यांविषयी गुप्तता पाळण्यास सांगतो. कारण लिहिलेले आहे, पण ज्याचा मजकूर बंद झाला त्याला ते वाचता येईलच असे नाही. अस्पष्ट शब्दाशी निदान वाद घालता येतो. न दिसणाऱ्या शब्दाशी वाद कसा घालावयाचा? एका कलमात शब्दाच्या धूसरतेबद्दल इतका जागरूक असलेला निर्णय दुसऱ्यात शब्दाच्या अदृश्यतेबद्दल उदासीन राहिला, ही त्यातील मोठी उणीव होय.

दुसरी गोष्ट निकालानंतरची. कलम रद्द झाले तरी अनेक ठिकाणी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवीतच राहिले. २०२१ च्या जुलैत ही बाब सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले, आणि १२ ऑक्टोबर २०२२ रोजी या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश द्यावा लागला. कोलकात्याच्या त्या प्राध्यापकांची सुटका तर २०२३ च्या जानेवारीत, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी झाली. याचे एक कारण न्यायालयातच सांगण्यात आले. छापील अधिनियमांत कलमाचा मजकूर तसाच राहतो, आणि ते रद्द झाल्याचे तळटीपेत कळते. ठाण्यातला हवालदार मजकूर वाचतो, तळटीप वाचीत नाही. संहितेच्या पाठात काय राहते आणि तळाशी काय जाते, हा पाठचिकित्सेचा विषय येथे कोणाच्या तरी कोठडीचा विषय झाला.

७

तोच झगडा नव्या शब्दांनी पुन्हा उभा राहिला, आणि त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले. ६ एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर 'बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा' आहे, हे सरकारनेच नेमलेल्या तथ्यपडताळणी कक्षाने ठरवावे अशी योजना करण्यात आली. व्यंगकलाकार कुणाल कामरा आणि इतर यांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते भिन्न पडली. २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी या पदांची अस्पष्टता दाखवून तरतूद घटनाबाह्य असल्याचे मत दिले, आणि त्यानुसार ती रद्द झाली. 'खोटा' हा शब्द विधानाला लागू पडतो. उपहासाला, अतिशयोक्तीला, भाकिताला आणि मताला तो लागू पडत नाही. ज्याला आपल्या परंपरेत लक्षणा आणि व्यंजना म्हणतात, त्या शब्दशक्तींनी चालणारे लेखन अभिधेच्या मापाने मोजले, तर सर्व विडंबन खोटेच ठरेल.

दुसरे उदाहरण संपर्कच तोडण्याचे. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये दळणवळणाची साधने बंद करण्यात आली. वेगवान इंटरनेट फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे सुमारे अठरा महिन्यांनी पूर्ववत झाले. अनुराधा भसीन यांच्या खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत आणि अनिश्चित काळाची बंदी अवैध आहे, असे सांगितले. मात्र सेवा तत्काळ सुरू करण्याचा आदेश दिला नाही. या अधिकाराचा आधार असलेली 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' ही पदे १८८५ च्या तार-कायद्यातली. पुढे २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाच्या विसाव्या कलमात ती पदे पुन्हा आली. १८८५ साली तार थांबली म्हणजे काही निरोप थांबत; आज इंटरनेट थांबले म्हणजे विद्यार्थ्याचा अर्ज, दुकानदाराचा व्यवहार, रोग्याची चौकशी आणि वार्ताहराची बातमी ही सर्व एकदम थांबतात. पद तेच राहिले, आणि त्याच्या पोटात सारे नागरी जीवन येऊन बसले.

८

येथवरचे विवेचन राज्यसंस्थेच्या शब्दांविषयी झाले. परंतु या हक्कांचा पुरस्कार करणाऱ्यांच्या शब्दांचीही तितक्याच काटेकोरपणे तपासणी व्हावयास हवी. इंग्रजीतील 'सिव्हिल सोसायटी'साठी 'नागरी समाज' ही संज्ञा मराठीत योजली जाते. 'नागरी बँक', 'नागरी वस्ती' अशा प्रयोगांनी घडलेल्या मराठी कानाला तीतून शहरी समाज ऐकू येतो. गावातला माणूस तीतून आपोआप वगळला जातो. 'नागरिक समाज' अधिक बरे. 'डिजिटल अधिकार' या संज्ञेचेही तसेच. मराठीत अधिकार हा मुख्यतः अधिकाऱ्याचा असतो. त्याच्यापुढे उभे राहून नागरिक मागतो तो हक्क. 'माहितीचा अधिकार' आता रुळला असला, तरी आपल्या घटनेच्या मराठी पाठाने 'मूलभूत हक्क' हीच संज्ञा पत्करली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. 'फ्री' या शब्दाची गफलत तर २०१५-१६ मध्ये प्रत्यक्षच दिसली. काही निवडक संकेतस्थळे फुकट देऊ करणारी एक योजना त्याच नावाने पुढे आली, आणि फुकट म्हणजे मुक्त असा भास निर्माण झाला. दहा लाखांहून अधिक नागरिकांनी दूरसंचार नियामकाकडे पत्रे पाठवून आंतरजालाच्या समान वागणुकीची बाजू मांडली होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियामकाने मजकुरागणिक वेगळा दर आकारण्यास मनाई केली. नागरिकांचा हा एक खरा विजय होता. आणि तो मिळाला तो 'मुक्त' आणि 'मोफत' यांतला भेद लोकांना समजावून सांगितला गेला म्हणून.

पुरस्कर्त्यांची आणखी एक सवय तपासण्याजोगी आहे. आंतरजाल हे एक निराळे 'जग' आहे, ही कल्पना १९९६ च्या फेब्रुवारीत जॉन पेरी बार्लो याच्या प्रसिद्ध जाहीरनाम्याने रूढ केली. रूपक म्हणून ती आकर्षक आहे; परंतु निराळ्या जगाला निराळे कायदे लागावे, हा निष्कर्ष तिच्यातूनच सहज निघतो. श्रेया सिंघल खटल्यातही आंतरजाल हे भिन्न माध्यम असल्यामुळे त्यासाठी वेगळे गुन्हे निर्माण करता येतील, हा मुद्दा न्यायालयाने मान्य केला होता. पालघरच्या तरुणीने जे लिहिले ते तिने ओट्यावर बसून म्हटले असते, तर पोलीस आले नसते. ती निराळ्या जगात गेली नव्हती. ती पालघरातच होती, आणि तिने एक प्रश्न उपस्थित केला होता. तिचा बचाव करावयाचा तर तो निराळ्या जगाच्या नागरिकत्वाने नव्हे, याच जगातल्या बोलण्याच्या हक्काने करावयास हवा.

तात्पर्य, आंतरजालाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न पुढच्या काळातही अशाच दोनचार शब्दांभोवती उभा राहणार. कलम ६६-अ संसदेत आले तेव्हा त्यातील 'त्रास' आणि 'गैरसोय' या शब्दांवर विशेष चर्चा झाली नाही. त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न सहा वर्षांनी एका विद्यार्थिनीच्या याचिकेने सुटला, आणि मधल्या काळात काहींनी त्याची किंमत कोठडीत मोजली. नव्या कायद्यांचे आणि नियमांचे मसुदे जेव्हा जनतेच्या हरकतींसाठी प्रसिद्ध होतात, तेव्हा त्यांचे वाचन विधि-विभागांइतकेच भाषा-विभागांतही व्हावयास हवे. त्या वेळी प्रत्येक दंडनीय पदाला एक साधा प्रश्न विचारला तरी पुरे : हा शब्द बोलणाऱ्याने काय केले ते सांगतो, की ऐकणाऱ्याला काय वाटले ते?